वात कुणापुढं

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात मोटार रिवाइंडिंगच्या एका दुकानात १९ वर्षांचा एक पोरगा मामाच्या हाताखाली काम शिकत होता. जळालेली मोटर खोलायची, काळं पडलेलं तांबं खाचांतून उपसायचं, जुन्या कॉइलचे वेढे मोजायचे, तारेचा गेज बघायचा, आणि तेवढ्याच वेढ्यांची नवी कॉइल गुंडाळून स्टेटरमध्ये भरायची. सांगायला सोपं आहे. पण तारेवरचं इनॅमल कुठं जरा खरवडलं तरी दोन वेढे एकमेकांना लागतात आणि सगळी मेहनत पुन्हा धुरात जाते. पोराचा हात दोन वर्षांत असा बसला होता की मामा त्याची कॉइल तपासायचंही थांबला होता.

दुकानाचं शटर खाली आलं की हाच हात वेगळ्या कामाला लागायचा. पुण्यात शिकणाऱ्या एका दोस्तानं सुट्टीत व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, आणलं होतं. त्याची टाकी उघडायची आणि आतली कॉइल आपली आपण बांधायची. पोरानं ते एकदाच बघितलं. ३ मिलिमीटरच्या ड्रिलचा दांडा घेतला आणि कँथलची, म्हणजे लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची तार त्यावर सात वेढे फिरवून गुंडाळली. दोन्ही टोकं स्क्रूखाली आवळली. मग बटण क्षणभर दाबायचं, सोडायचं, चिमट्यानं वेढे जवळ घ्यायचे. कॉइल मधून सुरू होऊन कडेपर्यंत सारखी लाल होत गेली की जमली. मीटरवर रोध बघायला तो कधी चुकत नसे. ०.५ ओहमला ४.२ व्होल्टचा भरलेला सेल आठ अँपिअरच्या वर करंट देतो; रोध ०.२ वर घसरला तर तोच करंट २१ अँपिअर होतो, आणि सेल फुटायची भीती. हे गणित त्याला तोंडपाठ होतं. दोस्तमंडळी एका कॉइलचे २०० रुपये देऊ लागली.

एकच अडत होतं. कॉइलच्या पोकळीतून कापूस ओवायचा, त्याची टोकं टाकीतल्या रसात बुडवायची, म्हणजे कापूस रस ओढून घेतो. पण चार झुरक्यांत कापूस करपायचा आणि घशाला जळका चटका बसायचा. तार बदलून झाली, वेढे कमीजास्त करून झाले.

आषाढ लागला होता. आज्जीनं लक्षवातींचा नेम धरला होता. मांडीवर राख लावलेला हात, बोटांत पिंजलेला कापूस, शेजारी वातींनी निम्मा भरलेला डबा. पोरगा तिच्यापुढं बसला आणि तळहातावर ती कॉइल ठेवली. आज्जीनं चष्मा वर केला, कापसाचं टोक दोन बोटांत धरून ओढून बघितलं.

"लई कोंबलायस रे पोरा. तेल वर चढायला जागा कुठं ठेवलीयस? आवळलेली वात कोरडी जळतीया."

"मग ढिली ठेवू?"

"ढिली ठेवलीस तर तेल भाईर सांडंल. ओढल्यावर जराशी अडली पायजे, पण सरकली पायजे. बघ, अशी."

तिनं डब्यातली एक वात त्याच्या बोटांत दिली आणि दुसऱ्या टोकानं ओढली. ती अडली, आणि सरकली. पोरगा हरखला. चार महिने जे सापडत नव्हतं ते तिनं एका वातीत सांगितलं होतं. तो उठायला लागला तेव्हा आज्जीनं पुन्हा कापूस हातात घेतला होता.

"चांगली वळलीयस. पर ही वात कुणापुढं लावायची?"

त्यानं उत्तर दिलं नाही. तिनंही परत विचारलं नाही.

ऑगस्टमध्ये पाणी आलं. २०१९ चा तो महापूर कोल्हापुरात कुणी विसरलेलं नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या आठवड्यात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला, प्रयाग चिखली आणि आंबेवाडीची माणसं नावांतून बाहेर काढली. पाणी उतरल्यावर नदीकाठच्या मोटरी यायला लागल्या. दुकानात मावेनात म्हणून बाहेर रस्त्यावर रांगेनं मांडल्या. प्रत्येकीच्या अंगावर गाळ, काहींच्या पंख्यात उसाचं पाचट. धुवायच्या, वाळवायच्या, इन्सुलेशन तपासायला मेगर लावायचा. काही वाळून जिवंत व्हायच्या. बाकीच्यांचं वाइंडिंग उपसायचं.

चिखलीच्या एका शेतकऱ्याची पाच हॉर्सपॉवरची मोटर सप्टेंबर संपत आला तरी रांगेतच होती. दर चार दिवसांनी तो यायचा, मोटरीवर हात ठेवून उभा राहायचा. "ऊस कुजला. उंचावरचा एक तुकडा ऱ्हायलाय तेवढा. नवी लावण करायची, पर पाण्याबगर कशी करू?" एवढंच बोलायचा. घाई करा असं एकदाही म्हणाला नाही.

त्याच महिन्यात, १८ तारखेला, केंद्र सरकारनं ई-सिगारेटवर बंदीचा अध्यादेश काढला. बनवणं, विकणं, साठवणं, सगळंच गुन्हा. बनवणाऱ्या-विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मामानं पेपरातली बातमी मोठ्यानं वाचली आणि पेपर घडी करून ठेवला. पोराकडं बघितलंसुद्धा नाही. त्याला ठाऊक असावं; कँथलचे तुकडे मोटरीच्या दुकानात उगाच सापडत नाहीत.

बंदी आली तशी मागणी वाढली. एका कॉइलचे ४०० द्यायला लोक तयार झाले. एका संध्याकाळी शाळेच्या गणवेशातला एक मुलगा दारात आला. नववीत असेल. दप्तराच्या आतल्या कप्प्यातून त्यानं व्हेप काढलं. "दादा, ह्यातली जळलीया. आमच्या वर्गातल्यांना आणि दोन पायजेत."

दुकानातल्या पोरानं टाकी उघडली. आत त्याच्याच हातची कॉइल होती. सात वेढे, एकमेकांना टेकलेले, सारखे. कापूस आज्जीनं शिकवल्यासारखा, अडणारा आणि सरकणारा. मुलाच्या बोटांना पेनची शाई लागली होती.

"ह्ये माझ्याकडं ऱ्हाऊ दे," तो म्हणाला.

"पैसे दिल्यात मी!"

पोरानं खिशातून २०० रुपये काढून मुलाच्या हातात ठेवले. मुलगा धुसफुसत गेला. मग पोरानं कॉइल सोडवली, पक्कडीत धरून तार सरळ करायला बघितली. तार सरळ झाली, पण सात वळणं तिच्या अंगातून गेली नाहीत.

त्या रात्री त्यानं चिखलीची मोटर रांगेतून बाहेर ओढली. २४ खाचांचा स्टेटर, बारा कॉइल, प्रत्येकीला ४२ वेढे. बाहेर रस्ता निजला होता. नववी कॉइल गुंडाळताना त्याची मोजणी चुकली. ४१ की ४२, कळेना. एका वेढ्यानं मोटर लगेच बंद पडत नाही. फेज थोडी विषम होते, एक बाजू थोडी जास्त तापते, आणि एखाद्या उन्हाळ्यात, पाणी ऐन गरजेचं असताना, जळते. तेव्हा दोष व्होल्टेजला जातो. त्यानं कॉइल पूर्ण उलगडली आणि एकपासून मोजायला सुरुवात केली.

सकाळी मामा आला तेव्हा वार्निश मारलेला स्टेटर बल्बच्या उजेडात वाळत होता. मामानं मेगर लावला, काटा बघितला आणि चहा सांगायला गेला.

दिवाळीनंतर गुऱ्हाळं सुरू झाली. चिखलीचा तो शेतकरी एका दुपारी दुकानात आला. फडक्यात बांधलेली गुळाची ढेप होती, उंचावरच्या त्या तुकड्यातल्या उसाची. मामा पुढं झाला, पण त्यानं ती पोराच्या हातात दिली. ढेप अजून कोमट होती.

घरी आज्जीनं ढेपेचा एक खडा मोडून देवापुढं ठेवला आणि वातींचा डबा त्याच्याकडं सरकवला. त्यानं एक वात उचलली, ओढून बघितली, निरांजनात ठेवली आणि तेल टोकापर्यंत चढेपर्यंत काडी हातात धरून थांबला.