‘कोर्ट’ पुन्हा पाहताना

भाची : पुढे काय होणार ते ठाऊक असताना ‘कोर्ट’ परत कशाला पाहायचा, मामा?

मी : ठाऊक असतं म्हणूनच. २०१५ साली चैतन्य ताम्हाणेचा हा चित्रपट थिएटरात लागला, तेव्हा लोकशाहीर नारायण कांबळे सुटतात की नाही, याचाच घोर होता. सरकारी वकील नूतन लोकलमध्ये ऑलिव्ह ऑइलच्या गप्पा मारते, घरी येऊन स्वयंपाकाला लागते, ते सगळं आडवाटेचं वाटलं. पुन्हा पाहताना कळतं, खटला तिथेही चालूच आहे.

भाची : म्हणजे नूतन तुला आवडायला लागली.

मी : समजायला लागली.

भाची : आणि तू तिला समजून घेतोयस तोवर कांबळे आतच! आई सांगते, पहिल्यांदा पाहून आलास तेव्हा तू रात्री जेवला नव्हतास. आता बारकावे सांगतोस. मला तो संताप जास्त खरा वाटतो.

मी : खरा होताच. पण घोर लागला की आपण वकिलासारखं ऐकतो. ज्याच्या मृत्यूवरून कांबळेंवर खटला आहे, त्या गटारसफाई कामगार वासुदेव पवारच्या बायकोची साक्ष आठव. नवरा गटारात उतरण्याआधी खडा टाकून पाहायचा, झुरळ बाहेर आलं तर आत हवा आहे. पहिल्यांदा मनात येतं, वा, बचावाला मुद्दा मिळाला! दुसऱ्यांदा तो खडा टाकणारा माणूस डोळ्यांपुढे येतो.

भाची : आणि तिसऱ्यांदा तू कॅमेरा कुठे ठेवलाय ते बघशील. तेव्हा ती बाई पुन्हा ऐकू येणार नाही.

मी : ती भीती मलाही आहे. पण मृणाल देसाईंचा तो लांबून पाहणारा, सहसा न हलणारा कॅमेराच मागच्या बाकांकडे नजर नेतो. बिनबाह्यांचा टॉप घातला म्हणून एका बाईची सुनावणी पुढे ढकलतात. पहिल्या वेळी थिएटर हसलं होतं. तिची तारीख वाया गेली, हे नंतर टोचतं.

भाची : वासुदेव पवार मात्र कितीदाही पाहिलास तरी दिसणार नाही.

मी : नाही दिसणार. तो मेल्यावरच खटला सुरू होतो.

भाची : मग कुणाला पाहतोस तू?

मी : त्याच्या बायकोला. कांबळेंचा वकील वोरा तिला गाडीतून सोडताना पैसे देऊ करतो. पहिल्यांदा तिथे वोराचा चांगुलपणा दिसतो. नंतर तिचं म्हणणं ऐकू येतं : पैसे नकोत, काम असेल तर सांगा.

भाची : मला पहिल्याच वेळी तेवढंच ऐकू आलं. मी तिच्या बाजूला बसले होते, मामा. तू वोराच्या.

मी : असेन. म्हणून तर मला पुन्हा पाहावा लागला.