पंधरा मिनिटांच्या बोलीवर

मे १९३५. अमेरिकेच्या ओहायो राज्यातलं अ‍ॅक्रन गाव. न्यूयॉर्कहून धंद्याच्या कामाला आलेला एक माणूस हॉटेलच्या दालनात येरझाऱ्या घालत होता. काम फिसकटलं होतं, खिशात फारसे पैसे नव्हते, गावात ओळखीचं कुणी नव्हतं. दालनाच्या एका टोकाला बार होता, दुसऱ्या टोकाला टेलिफोन आणि शेजारी गावातल्या चर्चची यादी. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. पाय बारकडे ओढ घेत असताना तो टेलिफोनकडे वळला, आणि एकामागून एक फोन लावत त्याने एकच विचारणा केली : या गावात मला बोलायला एखादा दारुडा मिळेल का?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याची गाठ एका शल्यविशारदाशी पडली. डॉक्टर दारूने पोखरले होते आणि उपदेश ऐकून विटले होते. पंधरा मिनिटांच्या वर थांबणार नाही, या बोलीवरच ते आले होते. निघाले तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. हा पाहुणा उपदेश करत नव्हता, स्वतःची हकिगत सांगत होता. जगाला हे दोघे ‘बिल डब्ल्यू.’ आणि ‘डॉ. बॉब’ म्हणून ठाऊक झाले, आणि त्या बैठकीतून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ही दारू सोडू पाहणाऱ्यांची संस्था उभी राहिली.

एक गोष्ट मात्र विसरू नये. त्या रात्रीने डॉक्टरांची दारू सुटली नाही. काही आठवड्यांनी ते एका वैद्यकीय परिषदेला गेले आणि पुन्हा प्यायले. त्यांचा शेवटचा पेला १० जून १९३५चा मानला जातो. संस्था आपला जन्मदिवस मानते तो हाच. घसरून परत आलेल्या माणसाच्या तारखेला जिथे वाढदिवस साजरा होतो, तिथे घसरलेल्याला दार बंद कसं असेल?

आज ही दारं आपल्याही आसपास आहेत. मुंबई-पुण्यात, गोव्यात संध्याकाळी एखाद्या शाळेच्या वर्गात, चर्चच्या सभागृहात या संस्थेची मीटिंग भरते. काही मराठीतही असतात. पत्ता हवा असेल तर जवळच्या व्यसनमुक्ती केंद्रात किंवा सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात विचारावं. १४४४६ या राष्ट्रीय मदतवाहिनीवर फोन करावा. रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र दारू एकाएकी तोडण्याआधी डॉक्टरांना भेटावं. अशा वेळी फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, आणि ते जिवावर बेतू शकतं.

मीटिंगला फी नसते, आडनाव लागत नाही. दारू सोडण्याची इच्छा, एवढीच अट. पहिल्या दिवशी तोंड उघडलं नाही तरी चालतं. एक ग्रुप मानवला नाही तर दुसरा पाहावा. घरच्यांसाठी ‘अल-अ‍ॅनॉन’ या संस्थेच्या वेगळ्या बैठका असतात. पिणारा माणूस यायला तयार नसला तरी पत्नीने, आईने, मुलाने तिथे जाऊन बसावं. त्यांचंही काळीज कुणीतरी ऐकायला हवं.

पत्ता मिळतो. जड जातो तो उंबरठा. “तिथे कुणी ओळखीचं भेटलं तर?” हा प्रश्न कितीतरी जणांना दारावरून परत नेतो. पण ओळखीचं कुणी भेटलंच, तर तोही त्याच दुखण्याने तिथे आलेला असणार. “मी मद्यपी आहे” हे वाक्य घरी ज्याच्या ओठांवर कधी आलं नाही, त्याला ते तिथे शेजारच्या खुर्चीतून सहज ऐकू येतं, आणि वर्षानुवर्षं छातीवर असलेला धोंडा थोडा हलतो.

उंबरठ्यावर थबकलेल्या प्रत्येकाला मला अ‍ॅक्रनच्या त्या फोनची आठवण करून द्यावीशी वाटते. त्याआधीच्या पाच महिन्यांत बिलने कितीतरी दारुड्यांना समजावलं होतं. त्यांतला एकही सुधारला नव्हता. पण समजावणारा स्वतः मात्र कोरडा राहिला होता. म्हणून त्या संध्याकाळी जीव वाचवण्यासाठी त्याला दुसरा दारुडा हवा होता. आत बसलेल्या, दहा-वीस वर्षं न प्यायलेल्या माणसालाही नवा चेहरा असाच हवा असतो. स्वतःची पहिली संध्याकाळ त्याला नव्या माणसात पुन्हा दिसते, आणि त्याचा आजचा दिवस सावरला जातो.

वारीत वारकरी एकमेकांच्या पायांवर डोकं ठेवतात. वाकतो तोही माउली, ज्याच्यापुढे वाकायचं तोही माउली. मीटिंगची खोली याच रीतीने चालते. आपण तिथे हात पसरायला जातो आहोत असं वाटतं. खरं तर आपण कुणालातरी आधार द्यायलाही निघालेलो असतो.

तेव्हा आयुष्यभराची शपथ आज नको. आजच्या मीटिंगची वेळ विचारू, आणि डॉक्टरांसारखं पंधरा मिनिटांच्या बोलीवर जाऊन बसू.