सुखाचे गांभीर्य

अठराव्या शतकातील फ्रान्समध्ये उपवनांतील संगीत, नृत्य आणि प्रणयालाप यांची जी चित्रे निर्माण झाली, त्यांना रिकामटेकड्या सरदारांच्या करमणुकीची आरास म्हणून हिणवण्याची रीत जुनी आहे. परंतु या परंपरेचा प्रवर्तक आंत्वान वातो याची चित्रे जो सावकाश पाहील, त्याला हा निवाडा अन्यायाचा वाटल्यावाचून राहणार नाही.

१७१५ साली चौदावा लुई निवर्तला, व्हर्सायच्या दरबारी शिस्तीचा जाच सैल झाला, अमीर-उमराव पॅरिसमधील आपापल्या हवेल्यांत परतले, आणि राजाच्या विजयगाथांनी व्यापलेल्या चित्रकलेत माणसाच्या खाजगी सुखालाही प्रतिष्ठेचे स्थान मिळू लागले. १७१७ मध्ये वातोने 'सिथेरा बेटाची यात्रा' हे चित्र राजाश्रित कला-अकादमीस सादर केले, तेव्हा तिच्या दप्तरात मूळ शीर्षक खोडून केवळ 'प्रणयोत्सव' अशी नोंद करण्यात आली.

या चित्रात सिथेराची अधिष्ठात्री प्रेमदेवता व्हीनस हिच्या गुलाबांनी वेढलेल्या मूर्तीपाशी एक युगुल अद्याप कूजनात मग्न आहे. दुसऱ्यातील पुरुष प्रियेचे दोन्ही हात धरून तिला उठवीत आहे. तिसरे चालू लागले आहे, पण त्यातील स्त्री मान वळवून मागे पाहते आहे. यात्रा बेटाकडे निघाली आहे की बेटावरून परतते आहे, याविषयी पंडितांत मतभेद आहेत. परंतु त्या वळलेल्या मानेत सुखाची आणि वियोगाची जाणीव एकाच वेळी उमटली आहे, याविषयी दुमत होऊ नये.

एडिंबरो येथील 'व्हेनिसचे उत्सव' या चित्रात मध्यभागी नृत्य रंगले असता कडेला बसून वाद्य वाजवणाऱ्या खिन्न वादकाच्या मुद्रेत स्वतः वातोच असल्याचे मानले जाते. छपरे शाकारणाऱ्या कारागिराचा हा मुलगा क्षयाने जर्जर होऊन १७२१ साली, वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी वारला. ज्या मेजवान्या त्याने रंगवल्या, त्यांचा तो यजमान कधीच नव्हता, आणि म्हणूनच कदाचित त्यांचे मोल त्याला यजमानांहून अधिक कळले.

पुढे याच परंपरेतील चित्रकार लांक्रे याने नर्तिका कामार्गोचे पदलालित्य मोठ्या कौशल्याने रंगवले. नृत्याचा उल्हास त्यात आहे, पण वातोची व्याकुळता नाही. दुःख रंगवणाऱ्यास आपण थोर म्हणतो आणि सुख रंगवणाऱ्यास शोभेचा कारागीर समजतो; वातोने मात्र सुखाची नश्वरता ओळखूनही त्याचा अधिक्षेप केला नाही, आणि ही समदृष्टी थोर कलावंताचीच होय.