बिल्ल्यावरील अंक

अधिकार आणि अधिकाराचे चिन्ह ह्या दोन वस्तू भिन्न आहेत, हे तत्त्वतः सर्वांस मान्य असते. व्यवहारात मात्र त्यांची गल्लत नित्य होते. आपल्याकडे तर ती भाषेतच रुजली आहे. कचेरीतील शिपाई छातीवरच्या पितळी चपराशीमुळे ‘चपराशी’ झाला आणि पट्ट्यामुळे ‘पट्टेवाला’ झाला; त्याचे स्वतःचे नाव विचारण्याची गरज साहेबास क्वचितच भासली. चिन्हाने माणूस असा झाकून जावा, हा धातूचा गुण की आपला दोष? परवा आलेल्या एका पत्राने हा प्रश्न आमच्यापुढे नव्याने उभा केला.

आमचे एक जुने विद्यार्थी अमेरिकेत स्थायिक झाले आहेत. सुटीच्या दिवशी धातुशोधक यंत्र घेऊन, जागेच्या मालकाची परवानगी काढून, जुन्या घरांची आवारे धुंडाळावयाची हा त्यांचा छंद. (तेथील संघराज्याच्या मालकीच्या जमिनीतून शंभर वर्षांपूर्वीच्या वस्तू परवान्यावाचून उकरून नेण्यास १९७९ च्या कायद्याने बंदी आहे.) अशाच एका आवारात वीतभर खोलीवर त्यांस पोलिसाचा एक जुना बिल्ला सापडला.

अशा बिल्ल्याची ओळख पटविणे सोपे नव्हे. मुलांच्या खेळण्यातील पत्र्याच्या चांदण्याही जमिनीत सापडतात. शिवाय नवे पितळ आम्लाने काळवंडवून त्यास शतकाचे वय देणारे कारागीर तेथेही आहेतच. म्हणून जाणकार आधी बिल्ल्याची पाठ पाहतात. ठशाने ठोकून काढलेली अक्षरे रेखीव असतात. अस्सलावरून साचा घेऊन ओतलेल्या नकलेच्या कडा बोथट आणि पृष्ठभाग बारीक खळग्यांचा असतो. टाचणीच्या बिजागरीची घडण काळाचा अंदाज देते, शिकागोच्या सी. एच. हॅन्सन ह्यांच्यासारख्या बिल्ले करणाऱ्या कारखान्याचा शिक्का मागे असल्यास त्याचीही साक्ष उपयोगी पडते. आमच्या विद्यार्थ्याचा बिल्ला ह्या सर्व कसोट्यांस उतरला. पुढील बाजूस गावाचे नाव होते आणि मध्यभागी एक अंक.

ह्या अंकाचा हेतू विचार करण्यासारखा आहे. १८२९ साली लंडनमध्ये नवे पोलीसदल उभारले तेव्हा प्रत्येक शिपायाच्या कॉलरवर अंक घालण्यात आला. न्यूयॉर्कमध्ये १८४५ साली पोलिसांनी तांब्याची चांदणी पत्करली. गणवेशास मात्र, ती चाकराची वर्दी होय असे म्हणून, त्यांनी १८५३ पर्यंत दाद दिली नाही. चिन्ह धारण करणाऱ्यास चिन्हाचा अभिमान वाटतो, ह्यात नवल नाही. परंतु अंकाचा उपयोग धारण करणाऱ्यास फारसा नसून, ज्याच्यावर हात उगारला जातो त्यास आहे. ‘तू कोण?’ असे दुर्बळाने विचारण्याआधीच अधिकाराने दिलेले ते उत्तर होय. अंक नसलेला बिल्ला नुसता दागिना. अंकामुळे तो कबुलायत ठरतो.

आमच्या विद्यार्थ्याने त्या गावचे जुने दप्तर धुंडाळले, तेव्हा एकाच अंकापुढे एकामागून एक तीन नावे निघाली. पहिला लाच घेतल्यावरून बडतर्फ झालेला. दुसरा पुरात माणसे वाचविताना दगावलेला. तिसऱ्याचे केवळ नाव. बिल्ला ह्यांपैकी कोणाच्या छातीवरून गळून मातीत गेला, हे सांगण्यास काहीच साधन नाही. ‘तो दुसऱ्याचाच, असे मानले तर काय बिघडले?’ असे ते विचारतात. ‘तिघेही गेले. निदान माझ्या घरातील भिंतीवर एका भल्या माणसाची आठवण राहील.’

प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. मृतांविषयी बरे बोलावे हा शिष्टाचार आम्हांसही प्रिय आहे. परंतु येथे एकाविषयी बरे बोलण्यासाठी दोघांस पुसून टाकावे लागते, आणि तेही दुसऱ्याच्या कल्याणासाठी नव्हे, आपल्या भिंतीच्या शोभेसाठी. जो अंक हिशेब देता यावा म्हणून कोरला गेला, त्याचा हिशेब आपणच सोयीस्कर करून घ्यावयाचा, तर नकली बिल्ल्यास आम्ल लावणाऱ्या कारागिराहून आपण वेगळे ते काय केले? त्याने धातू खोटा केला, आपण माणूस. शिवाय त्या भल्या माणसाची थोरवी बिल्ल्यात नव्हतीच. असती तर तोच बिल्ला लावणारा पहिला मनुष्य लाच न घेता. तिघांनाही धातू एकच मिळाला. फरक पडला तो धातूच्या मागे.

आम्ही त्यांस तसे कळविले. तिन्ही नावे क्रमाने लिहून बिल्ल्याखाली लावली आहेत, असे त्यांचे उत्तर आले.

ते उत्तर वाचून आम्हांस समाधान वाटावयास हवे होते. वाटलेही, पण क्षणभरच. आमच्या महाविद्यालयात आमच्या खोलीच्या दाराशी कित्येक वर्षे एक पट्टेवाला बसत असे. पावसाळ्यात आमची छत्री तो निथळत ठेवी. आम्ही तापाने पडलो तेव्हा उत्तरपत्रिकांचे गठ्ठे त्याने घरी आणून पोचविले. त्याच्या पट्ट्यावरील पितळी बिल्ला कसा लखलखीत असे, हे आमच्या डोळ्यांपुढे आजही आहे. त्याचे नाव मात्र, पुष्कळ प्रयत्न करूनही, आम्हांस आठवले नाही.