पाय उचल

बपेऱ्यात मी गाडी शिकलो ती बाबांच्या बोलेरोवर. तिचा जोर मागच्या चाकांना. पुढची चाकं फक्त वळतात. मागच्या वर्षी पुण्यात टर्बो पेट्रोल गाडी घेतली. तिच्यात ओढणं आणि वळणं, दोन्ही पुढच्याच चाकांकडे.

जुलैत गावी आलो. तुमसरहून परतताना ओल्या वळणावर सवयीने ॲक्सिलरेटर दाबला. गाडी सरळ धानाच्या बांधीकडे निघाली. स्टिअरिंग आणखी फिरवलं, उपयोग शून्य.

"पाय उचल," बाबा म्हणाले.

उचलला. नाक वळलं.

टायरची पकड मर्यादित असते. ती ओढण्यातच संपली, तर वळायला काय उरणार? १९८३ची मारुती ८००ही फ्रंट-व्हील ड्राइव्हच होती. पण साधारण ४० हॉर्सपॉवरमध्ये ही अडचण सहसा जाणवत नसे. ताकद वाढली की जाणवते.

घरात आता सगळ्यात जास्त मी कमावतो. त्या खेपेला शेत ठेक्याने द्यायचं, हे मी पुण्याहूनच ठरवून आलो होतो. बाबा गप्प होते आणि मी त्यांना आणखी आकडे दाखवत होतो. जो पैसा आणतो त्यानेच दिशाही ठरवायची, हे आमच्यात कधी ठरलं होतं? मी तर विचारलंही नव्हतं.

पाय उचलला तरी स्टिअरिंग हातात राहतंच, एवढं वळणावर कळलं होतं. रात्री जेवताना लॅपटॉप मिटला आणि विचारलं, "बाबा, तुम्हाला काय वाटतं?"

बराच वेळ ते भात कालवत राहिले. मग म्हणाले, "यंदाची रोवणी मी करतो. पुढचं पुढे बघू."