शरदाची शिदोरी

पाऊस ओसरला की शरद ऋतू बालवाडीच्या दारात शिकण्याचं साहित्य आणून ठेवतो. दोन बाजू सारख्या म्हणजे काय, हे आपट्याचं पान मधोमध दुमडलं की कळतं. झेंडूची फुलं मोजता येतात, रंगांनुसार वेगळी करता येतात. भाताच्या लोंबीतला दाणा चिमटीत धरताना बोटांना वळण लागतं. हीच बोटं पुढे पेन्सिल धरणार असतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम उभं केलं, तेव्हा महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, पानंच मुलांच्या हाती दिली. आज मुलाला शाळेत सोडताना वाटेत थोडं थांबा. त्याला एक पान उचलू द्या आणि त्याचे प्रश्न संपेपर्यंत ऐका.