भिंती लोखंडाच्याही चालतील

ज्यूंचा मांडवांचा सण, म्हणजे सुक्कोत, जवळ आला की तेच ते लेख येतात: सुक्का, म्हणजे या सणाचा मांडव, हा क्षणभंगुरतेचा धडा, मांडव जितका डळमळीत तितकी भक्ती खरी. वास्तुविशारदांना हे आवडतं, साध्या राहणीचे सल्ले विकणाऱ्यांना तर फारच. प्रवचनापुरतं ठीक आहे. पण घरी सुक्का बांधायला बसलात तर हा सल्ला फसवा आहे, कारण शास्त्राने डळमळीतपणा मागितलेलाच नाही.

लेवीय 23 मधली सात दिवस मांडवात राहण्याची आज्ञा, मग मिश्ना या प्राचीन कायदेसंहितेतली मापं: उंची वीस हातांवर नको, भिंती किमान तीन, उन्हापेक्षा सावली जास्त. इथवर सरळ आहे. घोळ होतो तो ताल्मुदात, म्हणजे मिश्नावरच्या चर्चाग्रंथात, रावा या पंडिताच्या एका वाक्यापाशी. वीस हातांची मर्यादा का, याचं कारण तो देतो: कायमचं घर सोडा, सात दिवस तात्पुरत्या घरात राहा. सगळे हे उचलतात आणि इथेच थांबतात.

त्याचा समकालीन पंडित अबये थांबला नाही. त्याने विचारलं, मग कुणी लोखंडाच्या भिंती उभ्या करून वर फांद्या टाकल्या, तर तो सुक्का नव्हे? रावाचं उत्तर असं: वीस हातांपर्यंतचं बांधकाम तात्पुरतंही उभं राहू शकतं, तेवढ्या उंचीत तुम्ही पक्कं बांधलंत तरी चालेल. म्हणजे तात्पुरतेपणाची अट उंचीच्या मापात मुरली. भिंतींना ती लागू नाही. पुढच्या भाष्यकारांनी ती छपरावर आणून ठेवली. इतकंच काय, सुक्का कायमच्या घरासारखाच हवा असं मानणारी आठ मतं हाच अबये काही पानांनंतर मोजून दाखवतो. निर्णय त्यांच्या बाजूने लागला नाही, पण वाद किती उघडा होता ते कळतं.

भिंत कशाचीही चालते. बांधून ठेवलेल्या हत्तीचीसुद्धा! (ही थट्टा नव्हे, त्यावर रीतसर चर्चा आहे.) मात्र नेहमीच्या वाऱ्यात न टिकणारी भिंत बाद. म्हणूनच नुसत्या चादरींच्या भिंती नकोत, असं 1565 साली छापलेला शुल्खान आरूख हा कायदेग्रंथ बजावतो. सगळी कडक तपासणी छपराची. ते जमिनीतून उगवलेलं आणि तोडलेलं हवं. वेताची चटई झोपण्यासाठी विणली असेल तर चालत नाही, छपरासाठी विणली असेल तर चालते. कोकणातल्या बेने इस्राएलींना, म्हणजे तिथल्या ज्यूंना, नारळाच्या झावळ्या हाताशी, पण त्याही तोडलेल्याच हव्यात. उभ्या माडाखाली बसून भागत नाही.

आत राहायचं कसं? घरी राहता तसं. चांगली भांडी, चांगलं अंथरूण आत आणा, असं ताल्मुदच सांगतो. पावसाने ताटातली पेज नासायला लागली की उठून घरात जायची मुभा मिश्नाने दिली आहे. कष्ट सोसण्याचं व्रत असतं तर ही मुभा कशाला?

सुखाच्या दिवसांत हालाचे दिवस आठवावेत, हा अर्थ मध्ययुगीन ज्यू पंडित मैमोनिदीसनेही लावला. पण तो तत्त्वज्ञानाच्या ग्रंथात. कायद्याच्या ग्रंथात त्यानेही भिंतींना सामानाची मोकळीक दिली आहे.

तेव्हा गच्चीवर दगडी कठडे उंच असतील, वर मोकळं आकाश असेल आणि कठड्यांवर झावळ्या घातल्यात, तर तुमचा सुक्का वैध. वरच्या मजल्याच्या गॅलरीखाली हेलकावणारा कापडी तंबू कितीही भावपूर्ण दिसला, तरी वर आकाश मोकळं नाही म्हणून अवैध.